नागपूरच्या महाल भागातलं पडकं घर तोडायच्या आधी आत जाऊन यावं का? (कादंबरी अर्धी लिहून झालीय)

अर्धी_वही

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे आणि लांबणार पण आहे, चहा घेऊनच बसा.

महालात चितार ओळीच्या (मूर्तिकारांची गल्ली) मागच्या एका बोळात माझ्या मोठ्या आत्याचं सासर. म्हणजे होतं. आत्या गेली, आतेभाऊ एक अमरावतीला एक बंगलोरला, घराला कुलूप आणि कुलपाला गंज. मागची पडवी बसली, कवेलू निम्मे खाली आले, विहिरीच्या भिंतीतून पिंपळ वर आलाय असं शेजारच्या काकू सांगतात. मी स्वतः आत पाय ठेवून बरीच वर्षं झाली. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी गर्दीतून जाताना बोळाच्या तोंडाशी थांबून पाहते आणि पुढे निघते, बस.

आता मुद्दा असा की मी कथा लिहिते. थोड्या दिवाळी अंकांत आल्या, बाकीच्या वहीतच आहेत. आणि जवळपास प्रत्येक कथेत हेच घर येतं. कधी नाव बदलून, कधी गाव बदलून, एकदा तर मी ते उचलून भंडाऱ्याला नेऊन ठेवलं, पण घर तेच. ओसरी, माजघर, देवघराशेजारचा अंधारा जिना, वर माडी.

माडीचं कारण वेगळं आहे. नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरचे कोणी वाचत असतील तर, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून, आणि सोबत बडगे, म्हणजे वर्षभरात ज्याचा ज्याचा राग आला त्याचे पुतळे. तीन दिवसांवर गणपती असतात, म्हणून चितार ओळीत तेव्हा नुसता रंगाचा धुमाकूळ. मूर्तिकार काका उरलेसुरले रंग आम्हा पोरांना नारळाच्या करवंटीत द्यायचे. एका वर्षी आम्ही माडीच्या भिंतीवर अख्खी मिरवणूक काढली. काळी मारबत कोळशाने, जमीन गेरूने, पिवळीचा पिवळा कमी पडला म्हणून आत्याच्या डब्यातली हळद, आणि मागे आमचे बडगे. गणिताचे सर, पाणी वेळेवर न सोडणारा नळवाला, आणि एकदम कोपऱ्यात, ओळखू येऊ नये इतकी लहान, आत्याची सासू. प्रत्येकाच्या खाली मी एकेक ओळ लिहिली होती, "अमुक घेऊन जा गे मारबत" अशी. माझं पहिलं लिखाण तेच. त्या माडीवर धान्याची पोती आणि अडगळ असायची म्हणून दिवाळीत तिथं चुना कधी लागला नाही, भिंत तशीच राहिली.

मागच्या आठवड्यात आतेभावाचा फोन आला. बिल्डरशी बोलणं झालंय, दसरा झाला की तोडायला घेतील, किल्ली काकूंकडे आहे, तुला जायचं असेल तर जाऊन ये.

आणि मी अडकून बसली. कादंबरी अर्धी झालीय, ती पूर्ण त्याच घरात घडते, आणि तिच्यातलं घर माझ्या डोक्यातलं आहे. आत गेली आणि माजघर म्हणजे एक साधी दहा बाय दहाची खोली निघाली तर मग मी पुढची पानं कशाच्या जोरावर लिहू? नाही गेली तर दसऱ्यानंतर तिथं पत्रे लागतील आणि भिंतीचा विषयच संपला. शिवाय आत जाणं सेफ आहे का हेही माहीत नाही. कोणाला असा अनुभव असेल तर सांगा प्लीज.

इतवारीचा_भाऊ

ताई, जायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, ते लिखाणाचं मले काही समजत नाही बाप्पा. पण जाणार असान तर माझं ऐका, आमचं इतवारीतलं घर असंच होतं अन् ते मी माझ्या डोळ्यानं उतरवलं आहे.

सगळ्यात पयले, माडीवर जायचं नाही. नाही म्हणजे नाही. ह्या घरात तुळया अन् कड्या सागवानाच्या असतात म्हणून लोकं बिनधास्त चढतात. पण तुळईचं टोक भिंतीत जिथं घुसते ना, तिथंच पाणी मुरते. मधून ठोकून पाहा तर टणटणीत वाजते अन् भिंतीच्या आतमधलं टोक नुसता भुसा झालेलं राहते. खालून पाहणाऱ्याले ते दिसतच नाही. त्याच्यावर फळ्या, फळ्यायवर माती, मातीवर शेणाचं सारवण, पावसात ती सगळी माती पाणी पिऊन जड होते. कवेलू पडले म्हणता म्हणजे वरून पाणी सरळ पडून राहिलं. आमच्याइकडे भिंत पडली ती भर पावसात नाही पडली, पाऊस उघडल्यावर कडक ऊन पडलं तेव्हा बसली. म्हणजे तुम्ही म्हणता तोच टाइम.

दुसरं म्हणजे विहीर. पिंपळाच्या मुळानं काठ फुटला असन, वरून गवत, खाली पोकळ. दहा हात दूर राहा.

तिसरं, जनावर. सप्टेंबरमध्ये पडक्या घरात साप नसन तर मले नवल वाटन. बहुतेक धामण निघते, उंदरायच्या मागं येते, पण नाग, घोणस, मण्यार सगळे आहेत आपल्याइकडे. मण्यार तर चावलेली समजत बी नाही. बूट घाला, हातात काठी, कवेलूच्या ढिगात हात घालायचा नाही, अन् जमलं तर एखादा सर्पमित्र सोबत न्या, पोट्टे येतात हौसेनं. चावलंच तर झाडपाला, बांधाबांधी काही नाही, सरळ मेयो नाही तर मेडिकल (दोन्ही मोठे सरकारी दवाखाने) गाठायचं. वटवाघळं असतील तर तोंडाला चांगला मास्क लावा, त्यायच्या विष्ठेची धूळ छातीत गेली तर खोकला महिना महिना जात नाही.

एकटं जाऊ नका अन् काकूले सांगून जा, कितीक वाजेपर्यंत बाहेर येणार ते.

गप्प_कवी

माझं मत उलटं आहे. जाऊ नका.

काटोलकडे आमच्या आजोबांचा संत्र्याचा बगीचा आणि त्यात एक दगडी खोली होती. मोटेचं सामान ठेवायची. मी कविता लिहायला लागलो त्या सगळ्या त्या खोलीतून आल्या, खोलीवर नाही, खोलीतून, फरक कळत असेल. मग एका लग्नाच्या निमित्ताने तिकडे जाणं झालं. खोली होती, पडलेली पण नव्हती, नव्या मालकाने खताची पोती रचून ठेवली होती आणि दाराला निळा ऑइलपेंट मारला होता. तो निळा रंग आता माझ्या डोळ्यापुढून जात नाही. लिहायला बसलो की आधी तो निळा दरवाजा उघडावा लागतो. त्यानंतर त्या खोलीवर एक ओळ आली नाही.

तुमची कादंबरी अर्धी आहे. अर्ध्या कादंबरीच्या मधे खरं घर आणून उभं करणं म्हणजे रिस्क आहे. पूर्ण लिहून होऊ द्या मग काय पाहायचं ते पाहा. तोवर घर राहणार नाही म्हणता, तर नाही राहिलं. भंडाऱ्याला नेऊन ठेवलंच आहे ना तुम्ही.

अर्धी_वही

भाऊ, एवढं सगळं लिहिलंत, थँक्यू. पण माडीवर जायचं नाही म्हणता आणि मला जे पाहायचं आहे ते माडीवरच आहे, काय करू सांगा.

@गप्प_कवी तो निळा दरवाजा वाचून माझी झोप उडाली खरंच. हीच भीती मला शब्दांत सांगता येत नव्हती.

विंगेतला

कवीमहाशयांचा आदर राखून सांगतो, हा सल्ला कवितेला ठीक आहे, कादंबरीला नाही. कवितेला खोलीचा वास पुरतो. कादंबरीत माणसांना त्या खोलीतून त्या खोलीत जावं लागतं, आणि ते कुठून जातात हे लेखकाला ठाऊक नसलं की वाचकाला बरोबर समजते, बोलून नाही दाखवत पण समजते.

मी नाटकाचं नेपथ्य करतो, हौशी, स्पर्धांसाठी. वाड्याचा सेट लावायचा असला की खरा वाडा मोजून आणतो आणि मग त्यातलं अर्धं फेकून देतो. खऱ्या वाड्यात जिना कोपऱ्यात, अंधारात, भिंतीच्या जाडीत दडवलेला असतो. स्टेजवर तो प्रेक्षकांना दिसायला पाहिजे. मग आम्ही जिना उचलून मधे आणतो आणि कोणी तक्रार करत नाही. पण आधी मोजलेला असला तरच तो मधे आणता येतो, नाहीतर पायऱ्या अशा होतात की आजीचं काम करणारी मुलगी टणाटण उड्या मारत उतरते.

तर एक करा ताई. आत जायच्या आधी घरी बसा आणि आठवणीतून घराचा नकाशा काढा. पेनाने, पेन्सिलीने नाही, म्हणजे खोडता येणार नाही. जिथं आठवत नाही तिथं अंदाजाने भरू नका, कोरं सोडा. तारीख टाका, पाकिटात घाला, ठेवून द्या. ते तुमचं घर झालं, त्याला कोणताही निळा रंग लागत नाही. मग खऱ्या घरात जा आणि फक्त कोऱ्या जागा पाहून या.

आत गेल्यावर फोटो तर सगळेच काढतात, फोटोत न येणाऱ्या गोष्टी लिहून आणा. पायरी किती उंच आहे, आठ इंच की फूटभर. दाराची चौकट किती खाली आहे, कोणाला वाकावं लागेल आणि कोणाला नाही. ओसरीवरून बोळातलं बोलणं ऐकू येतं का, माजघरात येतं का. सकाळचं ऊन कोणत्या खोलीत कुठपर्यंत पोचतं. भरलेली कळशी घेऊन त्या चौकटीतून आडवं व्हावं लागतं का सरळ जाता येतं. ह्याच्यावर अख्खा सीन निघतो.

गप्प_कवी

टेप घेऊन कादंबऱ्या होत असत्या तर सगळे सिव्हिल इंजिनिअर लेखक झाले असते. पण पाकिटाची आयडिया चांगली आहे, ती मला आधी कोणी सांगितली नाही.

आखीवपत्रिका

मधे बोलतो, माफ करा, पण कोणी हे बोलूनच नाही राहिलं. किल्ली आहे म्हणजे परवानगी आहे असं नसते.

दोन भाऊ म्हणता, म्हणजे आखीव पत्रिकेवर (मालकीचा सरकारी उतारा) दोघांची नावं असतील, कदाचित अजून कोणाकोणाची. आत्याच्या सासरची मिळकत आहे, चुलत्यांचे हिस्से असू शकतात. बिल्डरशी नुसतं बोलणं झालं की करारनामा होऊन ताबा पण दिला हे आधी विचारा. ताबा दिला असेल तर भावाची किल्ली कामाची नाही, बिल्डरला विचारावं लागेल. परक्याच्या ताब्यातल्या घरात विनापरवानगी जाणं, त्यामागे त्रास द्यायचा किंवा गुन्ह्याचा हेतू धरला गेला तर, गुन्हा आहे, आधी आयपीसीमध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेचं कलम 329. घर पडकं आहे, कोणी राहत नाही, दार उघडंच होतं, ही कारणं चालत नाहीत. तुमच्या केसमध्ये कोणी पोलिसात जाणार नाही हो, पण भावाला एक व्हॉट्सॲप मेसेज टाकायला सांगा की अमक्या दिवशी बहीण आत जाणार आहे, मला माहीत आहे. झालं काम.

आणि दारावर महापालिकेची नोटीस चिकटवली आहे का ते पाहा. धोकादायक बांधकामाला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली देतात. ती असेल तर वरच्या इतवारीच्या भाऊंनी जे लिहिलं तेच महापालिकेच्या इंजिनिअरने पण लिहिलंय असं समजा आणि उंबरठ्यावरूनच परत फिरा.

कोणी हेरिटेजचा विषय काढण्याआधी सांगतो, नागपूरची हेरिटेज यादी आहे, तिच्यात ग्रेडप्रमाणे नावं आहेत, बोळातलं एक खाजगी घर तिच्यात असण्याची आशा धरू नका. केळीबाग रोड रुंद करताना ह्याच महालात कितीक घरांची तोंडं कापली गेली, कोणी काय थांबवलं?

खडू_गेरू

शाळेत चित्रकला शिकवते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवते, त्यामुळे भिंतीवरच्या चित्राबद्दल मलाच बोलू द्या.

आधी वाईट बातमी. वाळलेल्या चुन्याच्या भिंतीवर कोळसा धरून राहत नाही, तो नुसता वर बसलेला असतो. हात लागला की गेला. गेरू पाण्यात कालवून लावला असेल तर थोडा बरा, त्यात डिंक घातला असेल तर अजून बरा. मूर्तिकारांच्या रंगात डिंक किंवा सरस असतोच, म्हणून करवंटीतला रंग टिकलेला असू शकतो. हळद मात्र विसरा. हळदीचा रंग उजेडाने उडतो, तुमची पिवळी मारबत आता पांढरी झाली असेल. (काळी उरली आणि पिवळी उडाली, ह्याच्यावरच एक कथा लिहा खरं तर.)

चांगली बातमी अशी की नुसत्या डोळ्याला दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाकायचा, समोरून नाही. कोळसा दाबून ओढला असेल तर त्याच्या रेघा चुन्यात उमटलेल्या असतात, रंग गेला तरी खाच राहते. अंधार पडल्यावर हे जास्त चांगलं दिसतं पण तुम्ही दिवसाच जा, उगाच भाऊंचं बीपी वाढवू नका.

भिंत फडक्याने पुसू नका, पाण्याचा फवारा तर अजिबात नको. पाण्याने रंग क्षणभर उठून दिसतो म्हणून लोक मारतात आणि मग तो तसाच ओघळून खाली येतो. फोटो काढताना बाजूला पट्टी धरा म्हणजे माप कळेल, आणि एकच मोठा फोटो काढण्यापेक्षा सरकत सरकत काढा, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्यापेक्षा जास्त भाग आला पाहिजे. नंतर कॉम्प्युटरवर जोडून अख्खी भिंत तयार करता येते.

राहिला प्रश्न वर कसं जायचं. मी म्हणते वर जायचंच कशाला? महालात घराला घर लागून असतं. कवेलू पडलेत म्हणजे माडी वरून उघडी आहे. शेजारच्या काकूंच्या गच्चीवरून ती भिंत दिसते का ते आधी पाहा. दिसत असेल तर झूमचा कॅमेरा आणि ट्रायपॉड, झालं. ड्रोन वगैरे कोणी सुचवायच्या आधीच सांगते, महाल आहे तो, संघ मुख्यालयाचा बंदोबस्त आहे आजूबाजूला, ड्रोन उडवलात तर कादंबरी कोतवाली ठाण्यात बसून पूर्ण करावी लागेल.

इतवारीचा_भाऊ

मॅडमनं बरोबर आयडिया काढली. गच्चीवरून पाहा, पण कठड्यावर वाकू नका, जुन्या महालातले कठडे मले माहीत आहेत.

जुनं_सागवान

नमस्कार. घरात सागवानी खांब किती आहेत? नक्षीवाले आहेत का साधे? दरवाजा दोन फळ्यांचा आहे का, पितळी कड्या आहेत का? बिल्डरने मटेरियलचा सौदा केला नसेल तर भावाचा नंबर द्या. रोख व्यवहार.

विंगेतला

आले.

अर्धी_वही

सगळ्यांना उत्तर देते.

नकाशा काढला. रात्री जेवणं झाल्यावर बसली, वाटलं दहा मिनिटांचं काम आहे. ओसरी झाली, माजघर झालं, स्वयंपाकघर, न्हाणी, विहीर, सगळं धडाधड. जिन्यापाशी हात थांबला. जिना देवघराच्या डावीकडे की उजवीकडे? मग जुन्या कथा काढून पाहिल्या. एका कथेत डावीकडे आहे, दोघींत उजवीकडे आहे, आणि भंडारावाल्या कथेत तो चक्क अंगणातून वर जातो. मी आतेभावाला फोन लावला, म्हटलं तू तर तिथंच वाढला, तू काढून पाठव. त्याने पाठवला. त्याच्या नकाशात माझ्या माजघराच्या जागी कोठी आहे आणि माजघर त्याच्या अर्धं पण नाही! तो म्हणतो मी बरोबर, मी म्हणते मी बरोबर, शेवटी वहिनी म्हणाली की दोघं पण झोपा.

तेव्हापासून ती भीती बरीच ओसरली, का ते मला नीट सांगता नाही येणार. माझ्याकडे आधीच तीन-चार घरं आहेत आणि मी त्यांच्यात मजेत फिरते, अजून एक खरं आलं तर येऊ दे. @गप्प_कवी, कादंबरीतला जिना जिथं आहे तिथंच राहील, तो मी खरा पाहून हलवणार नाही. पण पायरी मोजणार. कादंबरीतली सासू रोज ती चढते आणि तिचे गुडघे दुखतात, मला ते आजवर नुसतं लिहून टाकावं लागत होतं.

भावाने मेसेज टाकला, दोन्ही भावांचा आला. ताबा अजून दिलेला नाही, करार दसऱ्याला होईल म्हणतात. दारावर नोटीस नाही, काकूंनी पाहून सांगितलं. काकूंच्या गच्चीवरून माडीची मागची भिंत दिसते, पण मिरवणूक बाजूच्या भिंतीवर होती, ती तिरपी दिसेल. @खडू_गेरू मॅडम, तिरपा काढलेला फोटो सरळ करता येतो का कॉम्प्युटरवर? काकू म्हणतात त्यांना तिथं "काहीतरी काळं" दिसतं. ते ओल पण असू शकते, मी आत्ताच नाचत नाही.

रविवारी सकाळी आठला जायचं ठरवलंय, पाऊस नसला तर. आत फक्त खालचा भाग, ओसरी आणि माजघर, विहिरीकडे जाणार नाही, बूट आणि काठी घेतली, सर्पमित्र मुलगा येतो म्हणालाय. टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी पाहिजे. @विंगेतला दादा, तुम्ही नागपुरातच असाल तर या ना, बडकस चौकात पोहे माझ्याकडून. कॅमेरा माझ्याकडे साधा आहे, कोणाकडे झूम लेन्स असेल आणि दोन तास देता येत असेल तर मेसेज करा.

@जुनं_सागवान भावाला विचारते, पण जिन्याची सगळ्यात खालची पायरी मी आधीच मागून ठेवलीय, ती सोडून बोला.

खडू_गेरू

तिरपा फोटो सरळ होतो, कोणत्याही एडिटिंग ॲपमध्ये पर्स्पेक्टिव्ह म्हणून असतं. फक्त भिंतीचे चारही कोपरे फोटोत आले पाहिजेत, नाहीतर सरळ करताना अंदाज लागत नाही. मी पण येते रविवारी, लेन्स आहे माझ्याकडे. तुमच्या गणिताच्या सरांना पाहायचंय मला.